देव दयाळू की कडक? पौलाच्या एका वाक्याचा उलगडा

ख्रिस्ती घरातल्या कॅलेंडरवर ‘देव प्रीती आहे’ हे वाक्य हमखास असतं. ते नव्या करारातल्या, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागातल्या, योहानाच्या पहिल्या पत्रातलं. त्याच नव्या करारात, थोडी पानं मागे, इब्री लोकांस लिहिलेलं पत्र आहे आणि त्यात म्हटलंय, ‘आपला देव भस्म करणारा अग्नी आहे.’ हे वाक्य कॅलेंडरवर छापलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

बायबल पहिल्यांदाच वाचणारा माणूस इथे हमखास अडखळतो. येशू म्हणतो, वैऱ्यावर प्रीती करा. तोच येशू नरकाबद्दलही बोलतो, आणि थोडंथोडकं नाही. शुभवर्तमानांतली, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथांतली, नरकाची बहुतेक वाक्यं त्याच्याच तोंडी आहेत. मग खरं काय? याचं नेहमीचं उत्तर म्हणजे ‘दोन्हींचा तोल साधायचा’. म्हणजे अर्धी माया आणि अर्धा धाक. मला हे उत्तर अपुरं वाटतं, कारण ज्या वाक्यावर ही सगळी चर्चा उभी आहे, त्यात तोलाची गोष्टच नाही. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायातलं ते बाविसावं वचन. पौल, म्हणजे येशूचा संदेश गावोगाव नेणारा प्रेषित, सांगतो, देवाची ममताही पाहा आणि कडकपणाही पाहा. हे तो कुणाला आणि कशासाठी सांगतोय, ते कळलं की बराचसा गुंता सुटतो.

पत्र कुणाला होतं?

इ.स. 57 च्या सुमारास पौलाने करिंथ शहरातून रोमच्या मंडळीला हे पत्र लिहिलं. मंडळी म्हणजे श्रद्धेने एकत्र आलेली माणसं. चर्चच्या इमारती तेव्हा नव्हत्याच, लोक कुणाच्या तरी घरी जमत. या माणसांत काही जन्माने यहूदी होते आणि काही बिगर-यहूदी. या दुसऱ्यांना बायबल ‘परराष्ट्रीय’ म्हणतं.

आठेक वर्षांपूर्वी, इ.स. 49 च्या सुमारास, सम्राट क्लौद्य याने यहूद्यांना रोममधून हाकललं होतं. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं त्यामुळेच रोम सोडून करिंथला आलं. तंबू शिवण्याचा त्यांचा धंदा, पौलाचाही तोच, म्हणून तो त्यांच्याकडे राहून काम करू लागला. इ.स. 54 मध्ये क्लौद्य मेला आणि यहूदी रोमला परतू लागले. पुढचं चित्र अभ्यासक पत्रातल्या खुणांवरून उभं करतात. मधल्या काळात मंडळीचा कारभार परराष्ट्रीयांच्या हाती गेला होता. परतलेल्या यहूदी भावंडांकडे ते जरा वरूनच पाहू लागले होते. ‘देवाने यांना टाकलं आणि आम्हाला घेतलं’ अशी भाषा सुरू झाली होती.

त्यांना उद्देशून पौल जैतुनाच्या झाडाचा दाखला देतो. जैतून म्हणजे ऑलिव्ह. कोकणातल्या माणसाला हा दाखला समजावून सांगायची गरज नाही. रायवळ आंब्याचा खुंट घ्यायचा आणि त्यावर हापूसची काडी बांधायची. मुळं रानटी, पण फळ जातिवंत. पौल नेमकं याच्या उलट सांगतो. झाड बागेतलं, जुनं, जातिवंत, म्हणजे इस्राएल, यहूदी लोक. त्याच्या काही फांद्या तोडल्या गेल्या आणि त्या जागी रानातल्या जैतुनाच्या फांद्या कलम केल्या गेल्या. त्या रानटी फांद्या म्हणजे तुम्ही. हे निसर्गाच्या उलट आहे, हेही तो स्वतःच म्हणतो. (कोलुमेला हा त्याच्याच काळातला रोमन शेतीलेखक. वठू लागलेल्या जैतुनात रानटी जैतुनाची डहाळी बसवण्याचा उपाय त्याने नोंदवला आहे. तेव्हा पौलाला शेतीतलं काही कळत नव्हतं, असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं.)

आता ते वचन वाचू. देवाची ममता पाहा आणि कडकपणाही पाहा. जे पडले त्यांच्या बाबतीत कडकपणा, तुझ्या बाबतीत ममता, पण तू त्या ममतेत टिकून राहिलास तरच. नाहीतर तूही छाटला जाशील. आणि पुढच्याच वचनात तो सांगतो की ते अविश्वासात राहिले नाहीत, तर त्यांचंही पुन्हा कलम होईल, देवाला ते जमतं.

म्हणजे कडकपणाची आठवण कुणाला करून दिली जातेय? जो स्वतःला सुरक्षित समजून बसलाय त्याला. आणि ममतेचं दार कुणासाठी उघडं ठेवलंय? ज्याला त्या सुरक्षित माणसाने मोडीत काढलंय त्याच्यासाठी. मला हे वाक्य पायाभूत वाटतं ते यासाठीच. धाक स्वतःला लावायचा आणि आशा दुसऱ्याबद्दल धरायची.

इतिहासात मात्र ख्रिस्ती लोकांनी बरोबर उलटं केलं. ‘फांद्या तोडल्या गेल्या’ एवढाच तुकडा उचलला आणि शतकानुशतकं तो यहूद्यांच्या विरोधात वापरला. त्याच अध्यायात ‘देवाने दिलेली दानं आणि त्याचं पाचारण तो मागे घेत नाही’ या आशयाचं वाक्य आहे, तिकडे डोळेझाक झाली. कॅथलिक चर्चने 1965 मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, इतर धर्मांविषयीचं निवेदन काढलं तेव्हा याच जैतुनाच्या झाडाचा आधार घेऊन यहूद्यांना ‘देवाने टाकलेले’ म्हणणं चूक असल्याचं नोंदवलं. तोवर युरोपातल्या साठ लाख यहूद्यांची कत्तल होऊन वीस वर्षं झाली होती.

जुना करार कडक आणि नवा दयाळू, असंच ना?

हे मत फार जुनं आहे. दुसऱ्या शतकात काळ्या समुद्राकाठच्या सिनोपे गावचा मार्सियन रोमला आला आणि त्याने सरळ दोन देव मांडले: जुन्या करारातला न्याय करणारा हलका देव आणि येशूने दाखवलेला निखळ दयेचा देव. त्याने जुना करार पूर्ण बाजूला ठेवला, नव्यातही लूकचं शुभवर्तमान आणि पौलाची काही पत्रं एवढंच ठेवलं, तेही काटछाट करून. रोमच्या मंडळीने इ.स. 144 मध्ये त्याला बाहेर काढलं. पुढे टर्टुलियन या उत्तर आफ्रिकेतल्या लेखकाने त्याच्यावर पाच खंड लिहिले. त्याचा मुद्दा साधा पण बोचरा होता. जो देव दुष्टपणा नको म्हणतो, पण दुष्टपणा झाला की त्याला काहीच वाटत नाही, त्याच्या ‘नको’ला अर्थ काय?

शिवाय जुना करार एवढा एकरंगी नाहीच. निर्गमच्या पुस्तकात लोक सोन्याचं वासरू करून त्याची पूजा करतात. त्यानंतर देव मोशेसमोर स्वतःची ओळख सांगतो. तो दयाळू आणि कृपाळू आहे, मंदक्रोध आहे, हजारो जणांवर दया करतो. पण अपराधी माणसाला निर्दोष ठरवत नाही आणि वडिलांच्या पापाचा जाब तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत विचारतो. इथेही दोन पारडी सारखी नाहीत. एकीकडे हजारो, दुसरीकडे तीन-चार. आणि नातवंडांना शिक्षा का, हा प्रश्न खुद्द बायबलमध्येच उठतो. यहेज्केल संदेष्टा अठराव्या अध्यायात ठाम सांगतो की मुलगा बापाच्या पापाचं ओझं वाहणार नाही, आणि दुष्टाच्या मरणाने देवाला आनंद होत नाही, त्याने वळावं आणि जगावं हेच देवाला हवं.

या ओळखीचं पुढे काय होतं, ते फार रंजक आहे. निनवे म्हणजे अश्शूरचं महानगर, आजच्या इराकमधल्या मोसुलजवळ. याच अश्शूरने इ.स.पू. 722 मध्ये इस्राएलचं उत्तरेचं राज्य बुडवलं. योना संदेष्ट्याला देव त्या निनवेला पाठवतो आणि योना उलट दिशेचं जहाज पकडतो. वाटेत एक मोठा मासा त्याला गिळतो आणि किनाऱ्यावर ओकतो. शेवटी तो जातो, शहर पश्चात्ताप करतं, देव शिक्षा टाळतो, आणि योना भडकतो. देवाला तो निर्गममधलंच वाक्य ऐकवतो, तक्रार म्हणून: तू दयाळू आहेस, मंदक्रोध आहेस, हे मला ठाऊक होतं, म्हणून तर मी पळालो! माशाच्या पोटातला योना सगळ्यांना आठवतो, रागावलेला योना फारसा कुणाला आठवत नाही.

आता त्याच बायबलमधलं नहूमचं छोटं पुस्तक उघडा. तेही निनवेबद्दलच आहे. नहूमही तेच वाक्य घेतो, पण दुसऱ्या टोकाने: परमेश्वर मंदक्रोध आहे, पण अपराध्याला तो सोडणार नाही. निनवे इ.स.पू. 612 मध्ये बाबेल आणि माद्यांच्या फौजांनी जमीनदोस्त केलं. शहर एकच आणि वाक्यही एकच. फरक पडला तो शहराच्या वागण्यात. योनाच्या कथेत ते वळलं, नहूमच्या काळात ते पुन्हा लुटीवर पोसलं जात होतं. दयेचा आणि न्यायाचा असे दोन देव मानायची गरजच उरत नाही.

पण राग हा दोष नाही का?

ग्रीक तत्त्वज्ञांनी हाच आक्षेप घेतला होता. ज्याला राग येतो तो विकारांच्या ताब्यात असतो आणि देव तर विकारांच्या पलीकडचा. हे आपल्याकडच्या वाचकालाही चटकन पटेल. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला लॅक्टॅन्शियस या लेखकाने यावर उलट प्रश्न विचारला: चांगल्यावर प्रेम असेल आणि वाईटाचा तिटकारा नसेल, तर ते प्रेम कसलं? तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने आणखी काळजीपूर्वक मांडणी केली. देवाला ‘क्रोध’ हा शब्द लक्षणेने लावायचा. म्हणजे माणसाचं डोकं फिरतं तसं देवाचं फिरत नाही, अन्यायाला तो जे उत्तर देतो ते आपल्याला क्रोधासारखं दिसतं, एवढंच.

पौलही रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात देवाचा क्रोध सांगतो, पण तिथे वीज कोसळत नाही. ‘देवाने त्यांना सोडून दिलं’ असं तो तीनदा म्हणतो. जा, तुम्हाला हवं त्या वाटेने जा. हा क्रोध आरडाओरड्याचा नाही, हात सोडण्याचा आहे. खरं सांगायचं तर मला हाच जास्त भीतीदायक वाटतो.

होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकात ममता आणि क्रोध अगदी खेटून येतात. अकराव्या अध्यायात देव म्हणतो, एफ्राइमा (म्हणजे इस्राएला), मी तुला कसा सोडू? माझं काळीज कालवतं. आणि तेराव्या अध्यायात तोच म्हणतो, पिलं हिरावलेल्या अस्वलीसारखा मी त्यांच्यावर तुटून पडेन. मराठी ख्रिस्ती भक्तीत पहिली बाजूच जास्त आली. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला आई म्हणून आळवलं, आणि माउलीची भाषा लहानपणापासून कानावर असलेल्या समाजात ते सहज रुजलं. अस्वलीचं भजन मात्र कुणी केलेलं नाही.

क्षमाच करायची होती तर क्रूस कशाला?

हा सगळ्यात अवघड आक्षेप. देव दयाळू असेल तर त्याने नुसती क्षमा करावी. निरपराध येशूला क्रूसावर मरावं का लागलं?

ख्रिस्ती लोकांचं याबाबतीत एकच उत्तर नाही. कॅन्टरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने 1098 मध्ये पूर्ण केलेल्या पुस्तकात सरंजामी काळाच्या भाषेत मांडलं की माणसाने देवाच्या मानाचं देणं थकवलंय, ते माणसानेच फेडायला हवं आणि फेडण्याची ताकद फक्त देवात आहे. म्हणून देवच माणूस झाला. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन, त्याचं शिक्षण कायद्याचं. त्याच्याकडे हीच कल्पना कोर्टाच्या भाषेत आली, आमची शिक्षा ख्रिस्ताने भोगली अशी. बाराव्या शतकातल्या अबेलार्ड या विचारवंताने भर दिला तो क्रूसावर दिसणाऱ्या प्रेमाने माणूस पालटतो यावर. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स मंडळी मुख्यतः मरणावरच्या विजयाबद्दल बोलते.

यांतलं कुठलंही घ्या, पण ‘रागीट बापाने गरीब बिचाऱ्या मुलाला मारलं’ ही गोष्ट यांतल्या कुणाचीच नाही, प्रवचनांत ती कितीही वेळा ऐकू आली तरी. ख्रिस्ती श्रद्धेत पिता आणि पुत्र हे एकच देव आहेत. पौल लिहितो की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. म्हणजे क्षमेची किंमत देवाने दुसऱ्याच्या खिशातून काढली नाही. किंमत मात्र होती. ज्याने कुणाला खरोखर मोठी क्षमा केली आहे, त्याला ती फुकट नसते हे सांगावं लागत नाही.

मग भूकंप, साथी, अपघात या शिक्षा आहेत का?

1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने हादरली. लोक चर्चमध्ये जमले होते आणि चर्चच त्यांच्या अंगावर कोसळली. तेव्हाही शिक्षेची भाषा करणारे धर्मोपदेशक पुढे आलेच.

येशूपुढेही हाच प्रश्न आला होता. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेली होती. ती इतर यरुशलेमकरांपेक्षा जास्त पापी होती का? येशू स्पष्ट ‘नाही’ म्हणतो. आणि लगेच ऐकणाऱ्यांकडे वळतो: तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल. पुन्हा तीच दिशा. मेलेल्यांचा हिशोब करू नका, स्वतःचा करा. त्याला लागूनच निष्फळ अंजिराच्या झाडाचा दाखला येतो. मालक म्हणतो तोडा. माळी म्हणतो, एवढं वर्ष राहू द्या, मी आळं करून खत घालतो, नाहीच फळ आलं तर मग तोडा.

कनानमधल्या कत्तलींचं काय?

यहोशवाच्या पुस्तकात इस्राएल लोकांनी कनान देश जिंकताना अख्खी शहरं, बायकामुलांसकट, देवाच्या आज्ञेने मारल्याचं वर्णन आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने ती आतल्या पापांशी झालेली लढाई म्हणून वाचली. आजचे काही अभ्यासक त्या काळच्या युद्धवर्णनांतली अतिशयोक्ती दाखवतात, काही पुरातत्त्वाच्या आधारे त्या मोहिमा तशा घडल्या का यावरच शंका घेतात. मला यांतलं एकही उत्तर पुरतं समाधान देत नाही. ज्यांना देतं त्यांच्याशी वाद घालायची इच्छा नाही, पण त्या मजकुराच्या जोरावर कुणी आजच्या युद्धाला देवाची सही मागू लागला, तर वाद घालावाच लागेल.

नरकाबद्दलही ख्रिस्ती परंपरेत मतभेद आहेत, पण ते थोडक्यात सांगता येतील. ऑगस्टीन या बिशपच्या मागून बहुसंख्य मंडळ्या शिक्षा सार्वकालिक मानत आल्या. निस्साचा ग्रेगरी या चौथ्या शतकातल्या बिशपला शेवटी सगळेच देवाकडे परततील अशी आशा होती. आणखी काहींच्या मते दुष्टांचा कायमचा छळ होत नाही, त्यांचं अस्तित्वच संपतं.

एवढी कृपा असेल तर माणसं सोकावणार नाहीत का?

कृपा म्हणजे न कमावता मिळालेलं देणं. तिचा गैरफायदा घेतला जातो हे खरंच आहे, आणि त्याचं सगळ्यात कुरूप रूप आपल्या काळात दिसलं. 2002 मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये उघडकीला आलं की मुलांवर लैंगिक अत्याचार केलेल्या धर्मगुरूंना वर्षानुवर्षं समज देऊन, उपचारांना पाठवून, दुसऱ्या धर्मग्रामांत पुन्हा नेमलं जात होतं. त्या वर्षाअखेर तिथल्या कार्डिनलना राजीनामा द्यावा लागला. पुढे अनेक देशांत हेच निघालं. अत्याचाऱ्याला दाखवलेल्या या ‘दये’ची किंमत मुलांनी मोजली. येशूचं मुलांबद्दलचं वाक्य इथे आठवावं. या लहानांपैकी एकाला जो अडखळवील, त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणं बरं. इतका कडक येशू चित्रांत सापडत नाही. पण त्या मुलांच्या बाजूने पाहिलं तर ममता दिसते ती याच वाक्यात.

डीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकाने 1937 मध्ये ‘स्वस्त कृपा’ असा शब्द वापरला. पश्चात्ताप न मागणारी क्षमा, असा त्याचा अर्थ. हिटलरपुढे मान तुकवलेल्या चर्चकडे पाहत तो हे लिहीत होता. 9 एप्रिल 1945 रोजी त्याला फाशी दिलं गेलं.

उलट बाजूही आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू एका नोकराची गोष्ट सांगतो. राजाने त्याचं दहा हजार तालांतांचं कर्ज माफ केलं. एक तालांत साधारण सहा हजार दिवसांची मजुरी धरली तर हे सहा कोटी दिवसांचं काम होतं, म्हणजे कधीच न फिटणारं. तो बाहेर पडला आणि शंभर दीनारांसाठी, म्हणजे शंभर दिवसांच्या मजुरीसाठी, सोबत्याचा गळा धरला. राजाने माफी मागे घेतली. इथला कडकपणा येतो तोही दयेचा अपमान झाल्यावरच.

येशू ज्यांच्याशी कडक वागला ती माणसं पाहिली की हेच दिसतं. शास्त्री आणि परूशी, म्हणजे धर्माचे राखणदार, त्यांच्यावर त्याचे ‘हाय हाय’ आहेत. जकातदार आणि वेश्या तुमच्या आधी देवाच्या राज्यात जातात, हे त्याने मंदिरातल्या मुख्य याजकांना ऐकवलं. व्यभिचारात धरलेल्या बाईला तो म्हणतो, मीही तुला दोषी ठरवत नाही. आणि त्याच दमात, जा, यापुढे पाप करू नकोस.

मंडळीत हे प्रत्यक्ष कसं करायचं, याचा एक नमुना पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पत्रांत आहे. पहिल्या पत्रात एका माणसाने आपल्या बापाच्या बायकोशी संबंध ठेवले आहेत आणि मंडळी त्यावर फुशारकी मारते आहे. पौल त्याला बाहेर काढायला सांगतो, तेही त्याचा आत्मा शेवटी तरावा म्हणून. दुसऱ्या पत्रात शिक्षा झालेल्या एका माणसाबद्दल तो लिहितो. तो माणूस तोच होता की दुसरा कुणी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पौलाचं सांगणं असं की बहुतेकांनी त्याला दिलेली शिक्षा पुरे झाली, आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखाने पार खचून जाईल.